एकशे सतरा नंबरचा अंगठा

दोन फेब्रुवारीला दुपारी एक वाजून बत्तीस मिनिटांनी पडद्यावर लाल अक्षरं आली तेव्हा शेखर बोरस्ते मेथीची भाजी खात होता. अक्षरं म्हणत होती, 'परवानगी नाकारली.' कोणी नाकारली आणि का, याचा काही उल्लेख नव्हता. शेखरने डाव्या हाताने 'पुन्हा प्रयत्न करा'वर टिचकी मारली. पुन्हा नाकारली. तिसऱ्यांदा नाकारल्यावर त्याने डब्याला झाकण लावलं आणि त्या दिवशीची भाजी राहिली ती राहिलीच.

शेखर हा दिंडोरी रोडवरच्या एका फळ उत्पादक सहकारी संघाचा संगणक अधिकारी. नोकरीला लागून आठ महिने झालेले, कायम व्हायचा होता. संघाचा स्वतःचा खाजगी क्लाउड होता. नाव मोठं असलं तरी प्रकार साधा होता: पूर्वी जिथं स्टेशनरीचे गठ्ठे असत त्या खोलीत तीन यंत्रं आणि एक एसी. सगळ्या इमारतीत एसी दोनच. एक व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये, दुसरा क्लाउडला. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत क्लाउडची तब्येत विचारायला बरीच मंडळी येत.

त्या यंत्रांत संघाच्या सगळ्या सभासदांच्या बागांच्या नोंदी होत्या. कुठल्या गावच्या कुठल्या गटात कुठली फवारणी कधी झाली, हे परदेशातला खरेदीदार विचारतो आणि सांगता आलं नाही तर माल परत धाडतो. म्हणून कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी दीडला या सगळ्या नोंदींची एक प्रत, म्हणजे बॅकअप, शेजारच्या गोदामातल्या डिस्कच्या पेटीत, तिथल्या सामायिक फोल्डरमध्ये जाऊन पडत असे. दीडची वेळ अशासाठी की जेवणाच्या सुट्टीत संघात कोणी काम करत नाही. सुट्टीचं हे एकच वेळापत्रक तिथं कधी चुकलं नव्हतं.

शेखरने केबल काढून लावली. पेटी बंद करून चालू केली. गोदामात जाऊन उंदीर बघितले. उंदीर होते, पण केबलला त्यांनी तोंड लावलं नव्हतं. पेटीत जागा भरपूर होती. क्लाउडवरून पेटीला हाक मारली तर पेटी लगेच ओ देत होती. प्रत ठेवू म्हटलं की मात्र नाही म्हणत होती.

मग त्याने मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून एका मुलीने हिंदीत विचारलं, "सर, आपने रिस्टार्ट किया?"

"किया."

"एक बार और कीजिए ना सर."

शेखरने एक बार और केलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीने हेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने मदतकेंद्राचा नाद सोडला आणि पेटीकडून क्लाउडला आलेल्या नोंदी एकेक ओळ करून वाचायला घेतल्या. चारशेव्या ओळीच्या आसपास त्याला सापडलं. 'वापरकर्ता ११७: खातं बंद. परवानगी नाही.'

तो उठून आस्थापना विभागात गेला. तिथं उज्वला कुशारे बसत. कर्मचाऱ्यांची हजेरी, रजा, बढती आणि भांडणं हे सगळं त्यांच्याकडे.

"उज्वलाताई, एकशे सतरा नंबर कोणाचा?"

"एकशे सतरा?" उज्वलाताईंनी मान वरही केली नाही. "सहादूकाकांचा. शनिवारी नाही का शाल-श्रीफळ देऊन पाठवलं? तू तर बासुंदी दोनदा घेतलीस."

शेखरला बासुंदी आठवली. सहादू गांगुर्डे, वरिष्ठ लिपिक, एकतीस वर्षं सेवा. एकतीस जानेवारीला ते निवृत्त झाले, सगळ्यांना 'जय भीम' म्हणून, डोळे पुसून, रिक्षात शाल आणि नारळ घेऊन घरी गेले. त्यांच्या पाठोपाठ उज्वलाताईंनी नियमाप्रमाणे त्यांचं खातंही बंद केलं होतं.

आता बॅकअप सहादूकाकांच्या नावावर का, तर संघाची रीतच तशी. संघात कुठलीही वस्तू कोणाच्या तरी नावावर असावी लागते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक पंख्यापुढे माणसाचं नाव आहे. नऊ वर्षांपूर्वी पेटी बसवायला आलेल्या इंजिनिअरने विचारलं, "बॅकअप किसके नाम पे डालूँ?" तेव्हा सहादूकाका शेजारी चहा घेऊन उभे होते. दोन पंखे आणि एक कपाट त्यांच्या नावावर होतंच, त्यात बॅकअप गेला. निवृत्तीच्या दिवशी चार्ज सोपवताना त्यांनी पंखे सोपवले, कपाट सोपवलं, एक मोडका स्टेपलरही सोपवला. बॅकअप यादीत नव्हता, कारण तो आपल्याकडे आहे हे काकांनाही माहीत नव्हतं.

शेखरने जुन्या नोंदी काढून पाहिल्या. नऊ वर्षांत बॅकअप अकरा दिवस चुकला होता आणि अकराही दिवस सहादूकाका रजेवर होते. पाच दिवस मुलाचं लग्न, दोन दिवस मोतीबिंदू, बाकी किरकोळ. याला कारण संचालक मंडळाचा एक ठराव. रजेवरच्या एका कारकुनाच्या खात्यावरून कोणीतरी दिवसभर रमी खेळलं होतं, तेव्हापासून ठरलं की जो हजर नाही त्याचं खातं चालू नाही. सकाळी अंगठा दिला की खातं उघडतं, जाताना दिला की मिटतं.

"मग पेटीला सांग ना, सहादू गेले म्हणून," उज्वलाताई म्हणाल्या.

"पेटीला सांगायला पेटीचा पासवर्ड लागतो, ताई."

"मग घाल."

"तो सहादूकाकांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता म्हणे."

उज्वलाताईंनी आता मान वर केली. ते कपाट मागच्या दिवाळीला रंगवलं होतं. आतून बाहेरून, हिरवं. पेटी बसवणारी कंपनीही केव्हाच बंद पडली होती.

प्रकरण व्यवस्थापकांकडे गेलं. नवनाथराव आवारे, सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पा शांतपणे ऐकून घेत आणि शेवटच्या वाक्यावर निर्णय देत, त्यामुळे शेवटचं वाक्य जपून बोलावं लागे.

"नवी पेटी घ्यायची तर?" आप्पांनी विचारलं.

"दोन दिवसांत येईल."

"दोन दिवसांत पेटी येईल. तीन कोटेशनं, खरेदी समिती आणि मंडळाची सभा कधी येईल? मार्चमध्ये."

"तोवर मी साध्या हार्ड डिस्कवर प्रत काढून ठेवतो, आप्पा."

"बॅकअपच्या ठरावात 'पेटी' लिहिलंय. उद्या डिस्क हरवली तर माझ्या गळ्याशी येईल." आप्पांनी चष्मा काढला. "ऐन हंगाम आहे. रोज कंटेनर चाललेत. ती तीन यंत्रं बसली तर एवढ्या सभासदांना मी काय तोंड दाखवू? आणि तू काय दाखवशील? तुझं कायमचं पत्र माझ्याच टेबलावर आहे."

"आप्पा, पेटीला फक्त एकशे सतराच चालतो," शेखर काकुळतीने म्हणाला.

हे शेवटचं वाक्य ठरलं. "मग सहादूला बोलाव," आप्पा म्हणाले.

सहादूकाका नाशिकरोडकडच्या 'उपनगर' नावाच्या वस्तीत राहत. शेखर संध्याकाळी मोटरसायकल घेऊन गेला तेव्हा ते ओट्यावर बसून निवृत्तीच्या चौथ्या दिवसाचं काय करावं या विचारात होते. शेखरला बघून त्यांचा चेहरा उजळला. आतून धोंडाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि पाण्याबरोबर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतली दोन तिकिटंही दाखवली. मुलगा संघर्ष पुण्याला असतो, त्याने मोबाइलवर काढून दिली होती. धोंडाबाईंचा मोबाइलवर विश्वास नसल्याने त्यांनी ती कागदावर छापून आणली होती. नाशिकरोड ते गया, वीस फेब्रुवारी.

"बोधगयेला चाललो आम्ही," धोंडाबाई म्हणाल्या. "लग्न झालं तवा म्हणाले होते, पुढच्या वर्षी नेतो. मग संघाची इलेक्शन आली. मग गारपिटीचे पंचनामे आले. मग तो तुमचा कम्प्युटर बसवला. एकतीस वर्षं झाली, पोरा. आता बघते कोण आडवं येतं ते."

शेखरने तांब्या तसाच खाली ठेवला. तरी त्याने सांगितलं. सहादूकाका ऐकत गेले आणि त्यांचा कणा सरळ होत गेला.

"म्हणजे नऊ वर्षं सगळा बॅकअप माझ्यावर चालला होता?" ते म्हणाले.

"हो, काका."

"आणि मी नाही तर बंद?"

"अगदी बंद."

सहादूकाकांना अतिशय आनंद झाला. तो त्यांनी लपवायचा प्रयत्न केला, पण बायकोपासून लपला नाही.

"दोनचार दिवसांचंच काम आहे, मावशी," शेखर घाईने म्हणाला.

"तुझ्या चार दिवसांत वीस तारीख येत आसंल तर आत्ताच सांग."

"छे छे, वीसच्या आत सगळं मार्गी लागेल," शेखर म्हणाला. तेव्हा त्याला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उज्वलाताईंनी काकांना पुन्हा नोकरीत घ्यायला संगणक उघडला. तिथं चारच प्रकार होते: कायम, हंगामी, रोजंदारी आणि शिकाऊ. पहिल्या तिन्हींना अठ्ठावन्न वर्षांची मर्यादा. चौथ्याला मर्यादा घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अशा रीतीने सहादू गांगुर्डे, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर, संघात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाले.

"फॉर्मवर पालकाची सही लागेल, काका," उज्वलाताई म्हणाल्या.

"माझे वडील जाऊन बावीस वर्षं झाली."

"रिकामं ठेवलं तर पुढं सरकत नाही हो. सध्या तुमचा सांभाळ कोण करतं?"

सहादूकाकांनी क्षणभर विचार केला आणि फॉर्म घरी नेला. धोंडाबाईंनी तो दोनदा वाचला. "म्हणजे ह्यांची जबाबदारी माझ्यावर?" त्यांनी विचारलं. काका हो म्हणाले. "ती हायेच," त्या म्हणाल्या, "कागदावर आली नव्हती." आणि ठळक अक्षरात सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काकांनी अंगठा दिला. जुना एकशे सतरा नंबर उघडला. दुपारी एक बत्तीसला हिरवी अक्षरं आली आणि शेखरने खोलीतच टाळ्या वाजवल्या. उज्वलाताई बघायला आल्या, शिपाई आला, लेखा विभागातले दोघं आले. सगळ्यांनी काकांच्या अंगठ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं.

खरं म्हणजे अंगठा देऊन काकांनी घरी जायला हरकत नव्हती. पण दोन अंगठ्यांच्या मध्ये माणूस दिवसभर आवारात नसेल तर तो फरार धरला जातो, असा आणखी एक ठराव होता. त्यामुळे काका बसून राहिले. त्यांची खुर्ची चार्जमध्ये दुसऱ्याच्या नावावर गेलेली. शेखरने क्लाउडच्या खोलीत एक स्टूल दिलं. एसीमुळे काका निरोपाची शाल पांघरून बसू लागले. गळ्यात ओळखपत्र: 'शिकाऊ'.

माणूस रिकामा दिसला की संघात त्याच्याकडे काम आपोआप जातं. तिसऱ्या दिवसापासून जावक टपाल काकांकडे आलं. पाचव्या दिवशी जुन्या फायली. पुढच्या आठवड्यात लासलगावहून आलेला एक सभासद थेट शिकाऊ उमेदवाराचा सल्ला घ्यायला खोलीत शिरला. काका घरी जाऊन सांगत, "आज मला मान वर करायला फुरसत नव्हती." धोंडाबाई म्हणत, "आज किती तारीख?"

शेखरला दर शनिवारी उमेदवाराचा प्रगती अहवाल भरावा लागे. 'शिकण्याची आवड' यापुढे त्याने 'उत्तम' लिहिलं. 'वरिष्ठांशी वर्तन' यापुढे काय लिहावं ते त्याला कळेना, कारण वरिष्ठ म्हणजे तोच आणि काका त्याला 'अरे बाळा' म्हणत. बाकीचा सगळा वेळ तो पेटीच्या पासवर्डमागे लागला होता. त्याने कपाटाच्या दाराचा हिरवा रंग ब्लेडने खरवडला. खाली जुना राखाडी रंग निघाला. तो खरवडला तर पत्रा निघाला.

सतरा तारीख उजाडली. काका आप्पांच्या केबिनमध्ये रजा मागायला गेले. अकरा दिवस.

"शिकाऊला पहिले तीन महिने रजा नाही," आप्पा म्हणाले. "तीन दिवस आला नाहीस तर नाव आपोआप कमी होतं. मग एकशे सतरा पुन्हा उघडायला मंडळापुढे जावं लागेल."

"आप्पा, तिकिटं काढलीत हो."

"रद्द होतात की तिकिटं. अरे, बोधगया काय पळून चाललीय? पावसाळ्यानंतर जा. तुझ्याशिवाय इथं कसं चालेल, तूच सांग."

या शेवटच्या वाक्यापुढे काकांचं काही चालेना. त्यांना वाईट वाटलं, पण जितकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, आणि या गोष्टीचंच त्यांना घरी जाईपर्यंत फार वाईट वाटत राहिलं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी भाकरी मोडत सांगून टाकलं. धोंडाबाईंनी काकांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. इतकी वर्षं संसार केल्यावर काकांना त्या भाकरीचा अर्थ कळत होता आणि ते घाबरले.

अठरा तारखेला सकाळी दहाला काकांच्या मागोमाग धोंडाबाई संघात आल्या. शिपायाने विचारलं, "कोणाला भेटायचं?"

"साहेबांना. मी उमेदवाराची पालक हाये."

आप्पा यायचे होते. ते साधारण बाराच्या सुमारास येत, कधी येतही नसत. धोंडाबाई बाकावर बसल्या. समोर शेखर दिसला तसं त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि पहिल्यापासून सगळं विचारलं. शेखरने सांगितलं: पेटीला नावं कळत नाहीत, चेहरे कळत नाहीत. तिला फक्त नंबर कळतो. एकशे सतरा आला की ती दार उघडते. धोंडाबाईंनी तीनदा 'म्हणजे?' विचारलं आणि मग विचारायचं थांबवलं.

साडेबाराला आप्पा आले. केबिनमध्ये धोंडाबाई, काका, शेखर आणि उज्वलाताई उभे राहिले. आप्पांनी धोंडाबाईंना खुर्ची दिली.

"वहिनी, मला तुमची अडचण कळते," आप्पांनी सुरुवात केली, "पण सहादू म्हणजे संघाचा आधारस्तंभ. त्याच्यावाचून..."

"साहेब, आमचं गॅसचं कार्ड सासूबाईंच्या नावावर हाये," धोंडाबाई म्हणाल्या.

आप्पा थांबले. गॅसचं कार्ड इथं कुठून आलं हे कोणालाच कळलं नाही.

"सासूबाई जाऊन चौदा वर्षं झाली. सिलेंडर येतो, मी घेते. गाडीवाला आजवर कधी म्हणाला नाय की म्हातारीला बाहेर बोलवा. तो नंबर बघतो. तुमच्या पेटीला पण नंबरच लागतो, आसं हा पोरगा म्हणतो. मग नंबर ठेवा आन् माणूस द्या मला परत. तो एकशे सतरा दुसऱ्या कोणाला लावा."

आप्पांनी शेखरकडे पाहिलं.

"हे चालेल का रे?"

शेखरचे कान लाल झाले होते. त्याने संगणकशास्त्रात पदवी घेतली होती आणि वर एक प्रमाणपत्रही होतं. "चालेल," तो म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं."

"मग अडीच आठवडे काय करत होतास?"

"आप्पा, तुम्हीच म्हणालात, सहादूला बोलाव. मी बोलावलं."

यात कोणाचीच चूक नव्हती, म्हणजे सगळ्यांचीच होती. संघात काम अडलं की ते कोणाकडे आहे हे विचारतात, आणि माणूस सापडला की काम झालं असं धरतात. नंबर ही वेगळी काढून ठेवायची वस्तू आहे, हे गॅसचं कार्ड वापरणाऱ्या बाईच्या लक्षात आलं, इतकंच.

"बरं," आप्पा म्हणाले, "एकशे सतरा कोणाला द्यायचा?"

तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. कारण ज्याच्याकडे एकशे सतरा, त्याने मार्चपर्यंत रोज दहाला येऊन अंगठा द्यायचा, रजा म्हणून घ्यायची नाही.

"माझ्या मुलीची दहावी आहे," उज्वलाताई लगेच म्हणाल्या. "पेपर संपेपर्यंत मी मधूनमधून नसणारच."

"मला पुढच्या आठवड्यात सटाण्याला मुलगी बघायला जायचंय," शेखर म्हणाला. "आणि शिवाय बॅकअप करणारा आणि तपासणारा एकच नको, असा नियम आहे."

हा नियम खरोखर होता. शेखरला तो वेळेवर आठवला म्हणून स्वतःचंच कौतुक वाटलं. लेखा विभागातल्या दोघांना बोलावणं पाठवलं तर एक बाहेर गेला होता आणि दुसराही, बोलावणं आल्याचं कळताच, बाहेर गेला. शिपायाला गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, असं त्याने दारातूनच सांगितलं.

"जे रोज न चुकता येत्यात आसं कोणीच नाय का तुमच्यात?" धोंडाबाईंनी विचारलं.

उज्वलाताई जरा खाकरल्या. "कागदोपत्री आहेत ना एकजण."

"कोण?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही, आप्पा."

आप्पांना अंगठ्याची सक्ती नव्हती. व्यवस्थापकपदाचा मान म्हणून त्यांचं वेगळं कागदी मस्टर होतं आणि ते महिन्याच्या शेवटी एकदमच सह्या करत. उज्वलाताईंनी कपाटातून ते आणून टेबलावर उघडलं. "मागच्या वर्षात तुमचा एकही खाडा नाही. रविवारीसुद्धा हजर आहात. सव्वीस जानेवारीला दोनदा."

आप्पा मस्टरकडे बघत राहिले. आपण रोज येत नाही म्हणावं, तर हे मस्टर काय म्हणून टेबलावर? रोज येतो म्हणावं, तर अंगठा द्यायला हरकत काय? त्यांनी शेखरकडे पाहिलं, शेखर खिडकीबाहेर बघत होता. काकांकडे पाहिलं, काकांनी नजर खाली घातली. धोंडाबाईंकडे पाहायचं त्यांना धाडस झालं नाही.

"मार्चपर्यंतच ना?" आप्पांनी अखेर विचारलं.

"सभा वेळेवर झाली तर," शेखर म्हणाला.

सभा वेळेवर झाल्याचं आप्पांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सगळ्या सभा तेच बोलवत. त्यांनी अंगठा पुढे केला.

धोंडाबाईंनी तिथंच उभं राहून उमेदवाराचं नाव कमी करायच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली. नाव कमी करण्याचं कारण या रकान्यात उज्वलाताईंनी लिहिलं, 'शिक्षण पूर्ण.'

वीस तारखेला गाडीने नाशिकरोड सोडलं. संघर्षने खालचे दोन बर्थ मिळवून दिले होते. धोंडाबाई खिडकीशी बसल्या आणि प्रत्येक स्टेशनची पाटी मोठ्याने वाचत गेल्या. इतक्या खूश त्या बऱ्याच वर्षांत झाल्या नव्हत्या. काका मात्र घड्याळ बघत होते. चाळीसगाव मागे पडलं. दीड वाजला. एक पस्तीस झाले. शेवटी त्यांच्याने राहवेना, त्यांनीच फोन लावला.

"शेखर, बाळा, आज काय झालं?"

"हिरवं आलं, काका!" शेखर ओरडूनच बोलत होता. "एक बत्तीसला. एकदम पहिल्या झटक्यात!"

"आप्पा आले होते?"

"पावणेदहाला! गेटचं कुलूप उघडलं नव्हतं, बाहेर उभे होते बिचारे. तुम्ही काही काळजी करू नका."

"टपालाचं..."

"ते उज्वलाताई बघतायत."

"माझी आठवण वगैरे काढली का कोणी?"

शेखर सरळ मनाचा मुलगा होता. त्याने आठवून पाहिलं. "नाही, काका. सगळं नीट चाललंय."

काकांनी फोन खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर कापसाची रिकामी रानं मागे पळत होती. एकतीस वर्षं आपल्याशिवाय संघाचं पान हलत नाही म्हणून ते घरात सांगत आले होते. शेवटचे अडीच आठवडे तर ते खरंही ठरलं होतं. आता पाच मिनिटांत आप्पांच्या अंगठ्यावर तेच सगळं चालू होतं आणि गया अजून एक दिवस लांब होती. त्यांना रडू येईल की काय असं वाटलं. हे बायकोला दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

धोंडाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाट्या वाचायचं थांबवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती वरची पिशवी काढून देता का? चपात्या त्यात हायेत. माझा नाय हात पोचत."

काका लगबगीने उठले. चपला काढून बर्थवर चढले, पिशवी दोन्ही हातांनी धरून खाली घेतली आणि जरा दमले. "अशी कामं तू करायची नाहीत," ते दरडावून म्हणाले. "पडलीबिडलीस म्हणजे? मला सांगत जा."

"तुमालाच सांगणार ना. दुसरं कोण हाये मला इथं," धोंडाबाई म्हणाल्या आणि पिशवीची गाठ सोडू लागल्या.

पिशवी नाशिकरोडला धोंडाबाईंनीच वर टाकली होती.